साखर आणि स्वभाव

घरच्या माणसाच्या स्वभावाविषयी आपण फार लवकर निर्णय देऊन टाकतो. वीस-पंचवीस वर्षे शांतपणे संसार केलेला नवरा एकाएकी क्षुल्लक कारणावरून ताट दूर सारू लागला, की 'वय झाले', 'कामाचा ताण असेल', 'माझ्यावरचे मन उडाले' अशी उत्तरे पत्नी स्वतःच शोधते. त्यांतले एखादे खरेही असेल. परंतु हा राग नेमका केव्हा येतो, हे पाहायचे राहून जाते.

समजा, या गृहस्थांना मधुमेह आहे. सकाळी गोळी घेऊन ते कामावर जातात. ज्या दिवशी जेवणाला उशीर होतो किंवा एकादशीचा उपवास असतो, बहुतेक त्याच दिवशी भांडण होते. हा योगायोग नसावा. इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या, पोटात अन्न गेले नाही तरी, रक्तातील साखर उतरवतच राहतात. ती दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की शरीर धोक्याची सूचना देते. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते. साखर आणखी उतरली, तर मेंदूचे काम बिघडते. कारण मेंदूची मुख्य भिस्त रक्तातील ग्लुकोजवर असते. मग बोलण्यात गोंधळ होतो, माणूस हट्टाला पेटतो, चिडतो. ज्याची साखर उतरली आहे, त्याला स्वतःला हे पुष्कळदा उमगत नाही. 'थोडी साखर खाता का?' एवढ्या प्रश्नावरही तो खेकसतो. बरे वाटल्यावर आपण काय बोललो, हे त्याला आठवतेच असे नाही. पत्नीला मात्र शब्द न् शब्द आठवतो.

अशा वेळी वाद घालू नये. माणूस शुद्धीवर असेल व त्याला गिळता येत असेल, तर चहाचे तीन चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांनी रक्तातील साखर मोजावी. ती कमीच असल्यास पुन्हा तेवढीच साखर द्यावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालयात न्यावे. गोळी परस्पर बंद करणे हा उपाय नव्हे. राग आल्याची वेळ, शेवटचे जेवण आणि त्या वेळची साखर एका वहीत लिहून ती डॉक्टरांना दाखवावी.

थायरॉइडचा विकार, अपुरी झोप, नैराश्य, बाळंतपणानंतरचे दिवस, रजोनिवृत्तीचा काळ यांतही मनःस्थिती अशीच पालटू शकते. मात्र आजाराच्या नावाखाली सर्व काही सोसावे, असा याचा अर्थ नाही. पोटभर जेवल्यावरही जो पत्नीवर हात उगारतो, त्याच्या वागण्याचे कारण साखर मोजण्याच्या यंत्रात सापडणार नाही. त्यासाठी २००५ साली झालेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे.

पाठगत प्रश्न
१. साखर उतरलेल्या माणसाशी वाद घालणे व्यर्थ का ठरते?
२. वहीतील तीन नोंदींपैकी कोणती नोंद ठेवणे तुम्हांला सर्वांत अवघड वाटते? का?