आपला कागद, आपले डोळे

अक्षरे ओळखता येऊ लागली, की माणूस विचारतो, "आता वाचू काय?" मी सांगतो, आधी आपला स्वतःचा कागद वाचा.

आमच्या वर्गाला गोराईच्या एक काकू येत. खाडी होडीने ओलांडून बोरिवलीला येत. त्यांचे मालक वारले. जमिनीवर वारसांची नावे लागायची होती. फेरफाराची नोटीस चावडीत लागली. पुतण्याने फोनवर तिचा फोटो काढून आणला. म्हणाला, "काकी, तुमचं नाव असंलच की त्यात."

पण फोनच्या काचेवर अक्षरे मुंगीएवढी. काकूंना वाचता येईना. आणि फेरफाराला हरकत घ्यायची मुदत १५ दिवसांची. नाव नसेल, तर गप्प बसून कसे चालेल?

मी म्हटले, "काकू, संगणकावर फोटो मोठा करू. तुम्हीच वाचा."

साधन कसे बसवावे?

संगणकावर चित्रे पाहायला एक लहानसे साधन मिळते. त्याचे नाव इरफानव्ह्यू. बोस्निया देशात जन्मलेल्या इरफान श्किल्यान या तरुणाने ते ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात शिकत असताना तयार केले. १९९६ साली ते लोकांना मिळाले. घरगुती वापराला आणि शिक्षणाला ते फुकट आहे. धंद्यासाठी वापरायचे, तर पैसे भरावे लागतात. विंडोज असलेल्या संगणकावर ते चालते.

१. साधन त्याच्या स्वतःच्याच ठिकाणाहून घ्या. त्याचा पत्ता इरफानव्ह्यू डॉट कॉम. भलत्या ठिकाणाहून घेतले, तर नको ती घाणही सोबत येते.

२. तिथे ३२ आणि ६४ असे दोन प्रकार दिसतील. आजकालच्या बहुतेक संगणकांना ६४ चालतो.

३. बसवताना एक पान विचारते, कोणत्या फायली या साधनात उघडू? तिथे 'इमेजेस ओन्ली' निवडा. म्हणजे फक्त चित्रे.

४. बसवून झाले, की पडद्यावर तांबड्या मांजराचे चिन्ह दिसेल. तीच त्याची खूण.

कसे वापरावे?

फोन वायरीने संगणकाला जोडा. फोटो एका फोल्डरमध्ये उतरवा. फोल्डर म्हणजे कागद ठेवायचा कप्पा. मग फोटोवर दोनदा टिचकी मारा. तो दुसऱ्याच साधनात उघडला, तर उजवी टिचकी मारून 'ओपन विथ' घ्या आणि मांजर निवडा.

अधिकची (+) कळ दाबली, की चित्र मोठे होते. उणेची (−) दाबली, की लहान. कागद आडवा पडला असेल, तर इंग्रजी आर दाबा. तो उजवीकडे वळतो. एल दाबा, डावीकडे वळतो. लांब कळ, म्हणजे स्पेस, दाबली की पुढचे चित्र येते. चित्र पडद्यापेक्षा मोठे झाले, तर कडेची पट्टी ओढून खालचा भाग पाहा.

माझी चूक

आता माझी चूक सांगतो. मास्तरही चुकतो.

काकूंच्या मुलीला फोटो पाठवायचा होता. तो फार जड, म्हणून मी लहान केला. कंट्रोल आणि आर दाबून आकडे कमी केले आणि त्याच नावाने साठवला. संगणकाने विचारले, जुन्यावर लिहू का? मी 'होय' म्हटले. फोनमध्ये जागा नाही, म्हणून तिथला फोटो आधीच पुसला होता. पुन्हा उघडून मोठा केला, तर गट नंबरात १ आहे की ९, तेच कळेना.

असे का झाले? फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. + दाबून मोठा केला, तर ठिपके तेवढेच राहतात, फक्त जवळून दिसतात. मूळ फोटोला काही होत नाही. पण आकार लहान करून साठवला, तर ठिपके कायमचे पुसले जातात. पुन्हा मोठा केला, तरी ते परत येत नाहीत.

पाहणे वेगळे आणि बदलणे वेगळे. म्हणून काही बदलायचे असेल, तर आधी नक्कल करा. बदललेल्या फोटोला दुसरे नाव द्या. मूळ फोटोला हात लावू नका.

पुतण्याला पुन्हा चावडीत पाठवावे लागले. १५ दिवसांतला एक दिवस माझ्यापायी गेला.

काकूंनी वाचले

दुसऱ्या दिवशी नवा फोटो आला. काकूंनी स्वतः + दाबली. बोट पडद्यावर ठेवून एकेक नाव वाचले. दिराचे होते, सासूचे होते, पुतण्याचे होते. काकूंचे नव्हते.

त्या पुन्हा वरून खाली वाचत गेल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, अर्ज लिहायचा. पण लिहीन मीच."

मुदतीच्या आत त्यांनी तलाठ्याकडे हरकतीचा अर्ज दिला. पोच घेतली. पोचेचाही फोटो काढला आणि तो मूळ तसाच ठेवला.

मंडळी, पुतण्या खोटे बोलला नव्हता. त्याने वाचलेच नव्हते. दुसरा म्हणतो, "असेल." आपण वाचले, की कळते, आहे की नाही.

सांगा पाहू

१. + दाबल्याने मूळ फोटो बदलतो का?
२. लहान केलेला फोटो त्याच नावाने का साठवू नये?
३. तुमच्या घरातला एक कागद आणा. त्याचा फोटो मोठा करून वर्गात वाचून दाखवा.