किडलेला दात काढण्यापूर्वी

दात किडला की तो काढून टाकावा, ही समजूत समाजात अद्यापही आढळते. वस्तुतः मध्यम प्रमाणात किडलेला वा तुटलेला दात बहुधा वाचविता येतो. काढलेल्या दाताची उणीव मात्र सहजासहजी भरून निघत नाही. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात आणि चर्वणात अडथळा येतो.

दाताचे बाह्य आवरण अत्यंत कठीण असते. त्याखाली दंतिनाचा काहीसा मऊ थर आणि मध्यभागी रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला दंतगर असतो. कीड कोठवर पोचली, यावर उपचार ठरतो. थंड वा गोड पदार्थाने क्षणभरच कळ येत असेल, तर दंतगर बहुधा शाबूत असतो. रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर दंतगराला इजा झाल्याचा संभव असतो. अशा वेळी नुसता खड्डा बुजवून भागत नाही. रूट कॅनाल उपचार करावा लागतो.

भरणाचे प्रकार

ज्याला लोक ‘चांदी भरणे’ म्हणतात, त्या मिश्रणात सुमारे निम्मा पारा असतो. ते टिकाऊ असले तरी पाऱ्यासंबंधीच्या २०१३ च्या मिनामाता करारानंतर त्याचा वापर कमी करण्याकडे कल आहे. पंधरा वर्षांखालील मुले, गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी ते टाळले जाते. दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट दाताला घट्ट चिकटते. मात्र भरताना जागा पूर्ण कोरडी ठेवावी लागते. ग्लास आयोनोमर सिमेंटमधून फ्लोराइड पाझरते. चर्वणाचा भार सोसण्यात ते काहीसे उणे असले, तरी हातातील साध्या अवजारांनी, विजेवाचूनही ते भरता येते. त्यामुळे दुर्गम भागात त्याची उपयुक्तता मोठी आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

दाताचा बराच भाग गेला असेल, तर बाहेर तयार करून बसविलेला तुकडा किंवा संपूर्ण दाताला झाकणारी टोपी, म्हणजेच ‘कॅप’, उपयोगी पडते. टोपीसाठी दात सर्व बाजूंनी घासावा लागतो व घासलेला भाग पुन्हा येत नाही. म्हणून साध्या भरणाने काम होत असेल, तर ते श्रेयस्कर.

शिक्षक व पंचायत सदस्यांचे कार्य

मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दातांमागे, पहिली कायमची दाढ उगवते. ती दुधाचीच समजून पालक तिच्याकडे दुर्लक्ष करतात आणि पुन्हा न येणारी दाढ गमावली जाते. ही एक गोष्ट पालकसभेत समजावून सांगितली, तरी अनेक दाढा वाचतील. शालेय आरोग्य तपासणीत ज्यांच्या दातांना कीड आढळली, ती मुले प्रत्यक्ष दंतवैद्यापर्यंत पोचली की नाही, याची नोंद शाळेने ठेवावी व पंचायतीने तिचा पाठपुरावा करावा. खड्डा लहान असतानाच भरला, तर खर्च थोडा, वेदना थोडी आणि दात आपला राहतो.