घराण्याची ठेव आणि विश्वस्ताचा धर्म

न्यास या शब्दाचा मूळ अर्थच ठेव. आजोबांनी पंढरीत धर्मशाळा बांधावी, तिच्या खर्चाला जमीन लावून द्यावी आणि मुलानातवांना विश्वस्त नेमावे, असे आपल्यांतील पुष्कळ घराण्यांत घडले आहे. घोळ होतो तो पुढच्या पिढीत. नाव घराण्याचे, किल्ली आपल्या कमरेला. मग मन हळूच म्हणते, ‘हे आपलेच की!’

म्हणून न्यास कोणासाठी आहे, हे आधी पाहावे. मुलांचे शिक्षण, विधवा आत्याचा सांभाळ अशा घरच्यांच्याच हितासाठी असेल, तर तो खाजगी. त्याला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागतो. धर्मशाळा सर्व वारकऱ्यांसाठी असेल, तर सारे विश्वस्त एकाच घरचे असले तरी न्यास सार्वजनिकच. महाराष्ट्रात त्याला १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागतो व धर्मादाय कार्यालयात त्याची नोंदणी करावी लागते.

कोणी म्हणतात, ‘आम्ही माळकरी, आम्हाला हिशेबाची कटकट कशाला?’ अशांनी तुकोबारायांकडे पाहावे. कर्जखते इंद्रायणीत बुडविताना त्यांनी बंधू कान्होबांचा अर्धा वाटा आधी काढून दिला, आणि आपलाच वाटा बुडविला, असे परंपरा सांगते. वैराग्य स्वतःच्या धनाविषयी असावे; दुसऱ्याच्या ठेवीविषयी दक्षताच हवी. १८८२ चा कायदाही सांगतो की, शहाणा माणूस स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळतो, तितक्याच काळजीने न्यासाची सांभाळावी.

समजा, विश्वस्ताच्या घरी लग्न निघाले. न्यासाचे पैसे पेटीत पडून आहेत. ‘सुगीला परत टाकू, काय बिघडले?’ बिघडले ते घेतानाच! न्यासाच्या पैशावर स्वतःचे काम भागवू नये. त्यातून नफा झाला तरी तो न्यासाचा. तोटा आला तर विश्वस्ताने पदरचा भरावा.

सार्वजनिक न्यासाची जमीन वा इमारत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विकता येत नाही. इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. विश्वस्त वारला किंवा बदलला, तर नव्वद दिवसांत तसे कळवावे लागते. हिशेब दरसाल तपासून घ्यावे. भावाभावांत अबोला असला, तरी न्यासाचे काम एकट्याने परस्पर उरकू नये. सर्वांनी बसून ठरवावे, आणि ठरले ते वहीत लिहून सह्या कराव्यात.

आम्ही हे कोणास भिववण्यासाठी लिहीत नाही. आषाढीला पावसात भिजलेली म्हातारी वारकरीण धर्मशाळेच्या दारात उभी राहते. ती जागा तिच्यासाठी ठेवलेली आहे. आपण त्या ठेवीचे राखणदार. तिला आत कोरडी जागा मिळाली, म्हणजे आपला हिशेब विठोबाच्या दारीही चोख!

रामकृष्णहरि.