खाडीचा तंटा: बोलणी आणि मुदत



आगरदांड्यासमोर दिघी बंदर आहे आणि याच राजपुरी खाडीवर कोळी बांधवांची चूल पेटते. खाडीवरून वाद झाला तर आपण काय करावे? मत्तयच्या १८व्या अध्यायात प्रभू येशू क्रम सांगतो: आधी आपसांत बोलावे, मग साक्षीदार न्यावेत, शेवटी मंडळीला सांगावे.

पर्यावरणाच्या वादातही हा क्रम उपयोगी पडतो. प्रथम जनसुनावणी. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. आपण लेखी हरकत देऊन पोच घ्यावी. मग दोन्ही बाजूंना मान्य मध्यस्थासमोर बसावे आणि ठरलेले लिहून घ्यावे.

तरीही न मिटल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. आपल्याच जिल्ह्यातील उरणच्या कोळी बांधवांच्या अर्जावर पुण्याच्या खंडपीठाने २०१५ साली १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

एक गोष्ट ध्यानात ठेवू या. वादाचा अर्ज सहा महिन्यांत व भरपाईचा पाच वर्षांत करावा लागतो. बोलणी चालू असली तरी ही मुदत थांबत नाही. समेटासाठी जरूर झटू या, पण तारीख चुकू देऊ नये.