श्याम त्वचेवरील कृष्ण लोम आणि लेसर : वैद्यांनी जाणून घ्यावयाचे काही मुद्दे

विवाहाचा हंगाम जवळ येऊ लागला, की चिकित्सालयात एक प्रश्न हमखास विचारला जातो. तक्रार अम्लपित्ताची असो वा आर्तवविकृतीची, औषधाच्या पुड्या पिशवीत ठेवता ठेवता मुलगी किंवा तिची आई हळूच विचारते, ‘डॉक्टर, ओठावरच्या केसांना लेसर केलं तर चालेल का?’ एके काळी हा प्रश्न मुंबई-पुण्यापुरता होता. आज तालुक्याच्या गावीही ब्यूटी पार्लरच्या पाटीवर ‘लेसर’ हा शब्द दिसतो. ‘तो आमचा विषय नव्हे’ असे म्हणून आपण बहुतेक जण हा प्रश्न बाजूस सारतो. मीही अनेक वर्षे तसेच करीत असे. त्यात आपली जबाबदारी कशी सुटते, हे मला एका रुग्णेमुळे उमगले. तो अनुभव येथे संकोच न ठेवता नमूद करीत आहे.

चोवीस वर्षे वयाची ही रुग्णा घोट्यावरील लहानशा श्वित्रासाठी माझ्याकडे येत असे. बाकुची पोटात, बाकुची तैल बाहेरून व त्यानंतर सकाळचे कोवळे ऊन, अशी चिकित्सा सुरू होती. उन्हात बसताना ती चेहरा झाकत नसे. मीही तिला तसे बजावले नव्हते. चेहऱ्याचा वर्ण दोन छटांनी गडद झाला होता. विवाह ठरला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एका केंद्रात जाऊन तिने हनुवटी व वरच्या ओठावर लेसर करून घेतले. तेथे तिला कोणती औषधे चालू आहेत हे कोणी विचारले नाही. चौथ्या दिवशी ती माझ्यासमोर बसली तेव्हा हनुवटीवर यंत्राच्या टोकाच्या आकाराचे चौकोनी, काळपट डाग होते व दोन ठिकाणी फोड येऊन फुटले होते. डाग सात महिन्यांनी पुष्कळसे निवळले. परंतु फोडाच्या एका जागी श्वित्राचा नवा ठिपका उमटला. केंद्राची चूक होतीच. पण श्वित्राची रुग्णा माझी होती, बाकुची मी दिली होती, आणि ‘चेहऱ्यावर काही करावयाचे झाल्यास आधी विचार’ हे एक वाक्य मी कधी उच्चारले नव्हते.

लेसर केसास कसे ओळखते?

१९८३ साली अँडरसन व पॅरिश या अमेरिकन संशोधकांनी जे तत्त्व मांडले, त्यावर ही सारी पद्धती उभी आहे. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश विशिष्ट रंगद्रव्यच शोषून घेते. प्रकाशाचा झोत पुरेसा अल्पकाळ टिकला, तर उष्णता त्या रंगद्रव्यापाशीच राहते व शेजारची धातू वाचते. लोमाच्या बाबतीत हे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन. काळ्या केसाच्या दांड्यात व मुळाशी असलेले मेलॅनिन प्रकाश शोषते, तापते, आणि ती उष्णता लोमकूपातील वाढीचे केंद्र असणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचून त्यांना निकामी करते. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसल्याने लेसर तेथे काहीच करीत नाही. लाल व सोनेरी केसांवरही त्याचा प्रभाव फार कमी. या दृष्टीने आपल्याकडील काळाभोर, जाड केस हे लेसरचे उत्तम लक्ष्य होय. जाहिराती येथेच थांबतात.

पुढची गोष्ट अशी, की तेच मेलॅनिन आपल्या त्वचेच्या बाह्य थरातही भरपूर असते. फिट्झपॅट्रिक यांच्या १९७५ पासून रूढ झालेल्या वर्गीकरणात त्वचेचे उन्हास प्रतिसाद देण्यावरून सहा प्रकार पाडतात. भारतीयांची त्वचा बहुधा चौथ्या व पाचव्या प्रकारात, काहींची सहाव्यात मोडते. प्रकाशाला केसाच्या मुळापर्यंत जाण्यासाठी हा थर ओलांडावाच लागतो. वाटेत त्वचेने तो शोषला, तर भाजते ती त्वचा. गोऱ्या त्वचेवर काळा केस असेल तर यंत्राला दोहोंतील भेद सहज सापडतो. श्याम त्वचेवर काळा केस असता ज्या गुणामुळे लाभ होतो, त्याच गुणामुळे अपायही होतो. सुश्रुतांनी त्वचेच्या सात थरांपैकी पहिल्या अवभासिनीस वर्ण प्रकट करण्याचे कार्य दिले आहे. तिला मेलॅनिनयुक्त थराशी तंतोतंत जोडण्याचा अट्टहास मी करणार नाही. मात्र विद्यार्थ्यांस हा विषय शिकविताना ते स्मरण उपयोगी पडते.

तरंगलांबीचा प्रश्न

यंत्र कोणते आहे, हे रुग्णेस विचारावयास सांगावे. आणि ‘लेसर’ हे उत्तर पुरेसे समजू नये. रूबी लेसरची तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर, अ‍ॅलेक्झांड्राइटची ७५५, डायोडची सुमारे ८०० ते ८१० आणि एनडी-याग लेसरची १०६४. तरंगलांबी वाढते तसतसे मेलॅनिन प्रकाश कमी शोषते आणि प्रकाश त्वचेत खोलवर जातो. म्हणून गडद त्वचेसाठी १०६४ चे एनडी-याग सर्वांत सुरक्षित मानले जाते. त्याचे मोल असे, की वेदना अधिक होते आणि बारीक केसांवर परिणाम कमी मिळतो. डायोडही कुशल हातांत आपल्याकडील त्वचेवर चालते. झोताचा कालावधी लांब ठेवणे व त्वचा सतत थंड राखणे एवढी खबरदारी हवी. याचे कारण सोपे आहे. त्वचेचा पातळ बाह्य थर काही मिलिसेकंदांत उष्णता सोडून देतो, तर जाड लोमकूपास त्यासाठी दहा ते शंभर मिलिसेकंद लागतात. उष्णता सावकाश दिली, तर त्वचा मध्येच निवते आणि केस मात्र तापलेला राहतो.

आयपीएल नावाचे यंत्र पार्लरमध्ये सर्रास ‘लेसर’ म्हणून चालविले जाते. तो लेसर नव्हे. साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा संमिश्र प्रकाश गाळण्या लावून वापरला जातो. त्यातील आखूड तरंग श्याम त्वचा अधिक शोषते, म्हणून भाजण्याचा धोकाही अधिक.

‘कायमचे केस जातील’ हे आश्वासनही तपासून घ्यावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘कायमस्वरूपी घट’ असा शब्द मान्य केला आहे. त्याचा अर्थ पुन्हा उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहते, एवढाच. वाढीच्या अवस्थेतील केसावरच लेसर नीट लागू पडते आणि एका वेळी सर्व केस त्या अवस्थेत नसतात. म्हणून चेहऱ्यावर चार ते सहा आठवड्यांच्या, अंगावर सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा ते आठ बैठका लागतात. विवाहास तीन आठवडे उरले असता सुरू केलेल्या लेसरने काय साधेल, हे रुग्णेच्या आईस समजावून सांगणे आपल्याच हातात असते.

ग्रंथोक्त लोमशातन

सुश्रुतांनी व्रणाच्या साठ उपक्रमांत लोमापहरण सांगितले आहे. क्षुर, कर्तरी व संदंश यांनी केस काढावेत. शंखचूर्ण दोन भाग व हरताल एक भाग शुक्तात वाटून लावावे. भल्लातक तैल व स्नुहीक्षीर यांचाही उल्लेख तेथे येतो. या प्रकरणाचा आधार देऊन ‘आयुर्वेदात कायमचा रोमनाश सांगितला आहे’ असे काही मंडळी लिहितात, ते मला पटत नाही. संदर्भ व्रणाचा आहे. केसांमुळे व्रणरोपणास अडथळा होऊ नये, एवढा तो मर्यादित हेतू. क्षार व हरताल यांचा लेप केसाचा दृश्य भाग मऊ करून गाळतो. मूळ जागेवर राहते. आजच्या केस काढण्याच्या क्रीममधील थायोग्लायकोलेटही केसातील गंधकाचे बंध तोडून हेच करते. हरताल हे सोमलाचे संयुग आहे. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांतील ई-१ या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत ते आहे. सुंदर चेहऱ्याच्या अपेक्षेने आलेल्या तरुणीच्या ओठावर, दोरा फिरवून सोललेल्या त्वचेवर, ते लावण्याचे समर्थन मी करू शकत नाही. भल्लातक व स्नुही यांविषयी तर बोलावयासच नको.

पाठविण्यापूर्वी काय पाहावे

प्रथम, हे लोम सहज आहेत की विकृतिजन्य? हनुवटी, छाती, नाभीखाली जाड काळे केस वाढत असतील, आर्तव लांबत असेल, वजन वाढत असेल, मानेवर काळसर जाडपणा असेल, तर पीसीओएस मनात धरून तपासण्या करून घ्याव्यात. फेरिमन व गॅलवे यांनी १९६१ मध्ये दिलेली व पुढे नऊ जागांपुरती सुधारलेली गुणांकन पद्धती चिकित्सालयात दोन मिनिटांत होते. प्रत्येक जागेस शून्य ते चार गुण द्यावेत. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार वंशपरत्वे चार ते सहा गुणांपासूनच अतिलोमता मानावी. थोड्याच महिन्यांत झपाट्याने केस वाढले, आवाज जाड झाला, तर चूर्णे देत बसू नये. बीजकोश किंवा अधिवृक्क ग्रंथीच्या अर्बुदाची शक्यता असते. रुग्णेस त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे. मूळ विकृती तशीच ठेवून केलेले लेसर नवे केस येतच राहिल्याने अपुरे ठरते. आर्तवदुष्टीच्या चिकित्सेत आपला वाटा येथे मोठा आहे. तथापि आधीच जाड झालेला लोम केवळ आभ्यंतर औषधाने नाहीसा होतो असे मी तरी पाहिलेले नाही.

दुसरे, गालावरील कोवळी लव. ती काढण्याचा हट्ट धरणाऱ्या मुली पुष्कळ. लेसरनंतर, विशेषतः चेहरा व मानेवर, उलट अधिक जाड केस उगवण्याची विपरीत प्रतिक्रिया काहींत दिसते. दक्षिण आशियाई वंशाच्या व हार्मोनविकृती असलेल्या स्त्रियांत तिची नोंद विशेष आहे. लव आहे तशीच असू द्यावी, हा माझा स्पष्ट सल्ला असतो.

तिसरे, आपलीच औषधे. बाकुचीतील सोरॅलेन दीर्घ अतिनील किरणांनी उद्दीपित होते. लेसरच्या तरंगांनी नव्हे, हे खरे. परंतु बाकुची व ऊन यांनी गडद वा दाहयुक्त झालेली त्वचा लेसरचा प्रकाश अधिक ओढते, आणि अपाय तेथून सुरू होतो. त्वचा मूळ वर्णावर येईपर्यंत मी आता संमती देत नाही. श्वित्र वाढते असल्यास लेसर नकोच. आघात झालेल्या जागी नवा डाग उमटणे हा त्या व्याधीचा स्वभाव आहे. बैठकीच्या दिवशी हळद, कुंकू, काजळ, रंगीत लेप यांचा अंशही त्वचेवर नसावा. चार ते सहा आठवडे आधीपासून वॅक्स, दोरा, चिमटा बंद ठेवावा, कारण मूळच उपटले तर लेसरला लक्ष्य उरत नाही. वस्तरा मात्र चालतो. बहुधा आदल्या दिवशी तोच फिरवावयास सांगतात. यावर घरोघरी वाद होतो. वस्तऱ्याने केस दाट होत नाहीत, कापलेले टोक बोथट असल्याने खरखरीत लागते, हे सासू-सून दोघींना एकत्र बसवून सांगावे लागते. गोंदणावर व तिळांवर झोत मारू देऊ नये. भुवईखाली, डोळ्याच्या खोबणीच्या आत तर मुळीच नको. बुबुळाभोवतालच्या पडद्यातही मेलॅनिन असते.

औषधविक्रेत्यांसाठी

गोरे होण्याच्या नावाखाली विकली जाणारी स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमे महिनोन् महिने लावल्याने चेहऱ्यावर केस वाढतात, त्वचा पातळ व लाल होते. मग तीच मुलगी लेसरकडे वळते. अशा त्वचेवर लेसर अधिकच जोखमीचे. २०१८ साली अनेक स्टेरॉइड मलमे अनुसूची ‘एच’च्या कक्षेत आणली गेली, तरी चिठ्ठीविना ट्यूब मागणारे गिऱ्हाईक रोज दुकानाच्या पायरीवर उभे असते. घरी वापरावयाची आयपीएल यंत्रे विकणाऱ्या बांधवांनी खोक्यावरील त्वचावर्णाचा तक्ता ग्राहकास दाखवावा. अतिगडद वर्णास ती यंत्रे वर्ज्य असल्याचे त्यावरच छापलेले असते.

दग्ध झाल्यास

लेसरनंतर केसाभोवती किंचित लाली व सूज येते, ती काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उतरते. चिकित्सा लागते ती त्याहून पुढच्या अवस्थेत. सुश्रुतांचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध हे भेद येथे डोळ्यांसमोर ठेवावेत. केवळ विवर्णता व दाह असेल तर प्लुष्ट, फोड असतील तर दुर्दग्ध. प्लुष्टात उष्ण उपचार सांगितला आहे, पण लेसरच्या ताज्या दाहात मी साधे नळाचे पाणी वीस मिनिटे वाहते ठेवतो आणि तोपर्यंत कोणताही स्नेह लावत नाही. बर्फ थेट चोळू नये. त्वचा अखंड असेल तर नंतर शतधौतघृत पातळ लावावे. फोड फोडू नयेत. फुटलेला असल्यास स्वच्छ पट्टी बांधून चर्मरोगतज्ज्ञास त्याच दिवशी दाखवावे. पुढील काही महिने ऊन टाळणे व एसपीएफ ३० किंवा अधिकचे मलम लावणे हीच डाग निवळण्याची खरी चिकित्सा. लिंबू, हळद, चंदनाचे उगाळे या काळात वर्ज्य. लिंबाने तर डाग वाढतात.

माझ्या त्या रुग्णेच्या केसपेपरवर आता वरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘बाकुची चालू, लेसर नाही’ असे लिहिलेले आहे. श्वित्राच्या प्रत्येक नव्या रुग्णाच्या कागदावर तसेच लिहितो आणि तीच ओळ मराठीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून रुग्णाच्या हाती देतो.