गोळ्या मोजून बघ

सोनू,

रेणापूर तालुक्यातल्या उपकेंद्रावर तू रुजू झालीस, आनंद झाला. तुझ्या रजिस्टरात बीपी-शुगरवाले पुष्कळ असतील; एखादा सीएमएलचा, म्हणजे संथ चालीच्या रक्तकर्करोगाचा पेशंटही निघेल. तो रानात राबताना, लग्नात पंगतीला बसलेला दिसेल. याला आता काही विचारायला नको असं वाटेल, आणि नेमकं तिथंच विचारायला हवं.

सीएमएलवरच्या इमॅटिनिब या गोळीला अमेरिकेत 2001 साली मान्यता मिळाली. त्याआधी या आजारात बहुतेकांच्या हाती मोजकी वर्षं असत. आता रोजच्या गोळीवर माणसं नातवंडं खेळवतात. ही गोळी सहज हाती आलेली नाही. नोव्हार्टिस कंपनीचं ग्लिव्हेक, म्हणजे हेच इमॅटिनिब, महिन्याला सुमारे 1,20,000 रुपयांना पडे, भारतीय कंपन्यांचं तेच औषध 8 ते 10 हजारांत. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननं नोव्हार्टिसच्या पेटंटला हरकत घेतली. 2006 मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं अर्ज फेटाळला, 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं कंपनीचं अपीलही फेटाळलं. इतकं भांडून स्वस्त राहिलेली गोळी फडताळात पडून राहिली तर जीव तुटतो.

म्हणून ‘तब्येत कशी आहे?’ एवढ्यावर थांबू नकोस. ‘बरी हाय’ म्हणून माणूस मोकळा होतो. रिकाम्या स्ट्रिपा मागव, मोज. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातला 2010 चा अभ्यास बघ: 90 टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे 94 जणांचा आजार सहा वर्षांत चांगला आटोक्यात आला, त्याहून कमी घेणाऱ्यांत फक्त 28. महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की माणूस त्या दुसऱ्या गटात जातो.

चुकतात त्याला कारणं असतात. डोळ्यांखाली सूज, पोटऱ्यांत गोळे, मळमळ. रेणुकामातेच्या नवरात्रात उपाशीपोटी गोळी घेतली की उलटी होते, मग घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत गोळी बंद. उपास मोडायला सांगू नकोस; भगर-आमटी खाऊन, मोठ्या पेलाभर पाण्याबरोबर घ्यायला सांग.

सुरुवातीला दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची, म्हणजे या आजाराच्या जनुकाची, रक्ततपासणी लागते. साधा सीबीसी चांगला आला म्हणून ती टाळू देऊ नकोस. काहींची गोळी बंदही करता येते. पण फ्रान्समधल्या अभ्यासात दोन वर्षं आजाराचा मागमूस नसलेल्यांतही निम्म्याहून अधिकांना तो परतला. तो निर्णय तज्ज्ञांचा, दर महिन्याच्या तपासणीसह. मूल हवं असलेल्या बाईनं मात्र दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी गोळीबद्दल बोलायला हवं. मूल हवंय का, हे सासूसमोर विचारू नकोस, बाजूला घेऊन विचार.

पुढच्या तपासणीची तारीख तुझ्याही रजिस्टरात लिहून ठेव, आणि आठवडाभर आधी फोन कर.

तुझी मावशी