रिमोटची बग्गी आणि दात्यांचं गणित

पालकहो, मुलानं खेळण्यातली गाडी खोलली की आपण ओरडतो. पण जपानच्या तामिया कंपनीची १९८४ ची ग्रासहॉपर बग्गी सुट्या भागांतच मिळायची. जोडणं हाच खेळ! २००५ मध्ये ती पुन्हा बाजारात आली.

मोटरच्या गिअरला १० दाते आणि त्याला जोडलेल्या मोठ्या गिअरला ५० असतील, तर मोटर ५ वेळा फिरते तेव्हा मोठा गिअर एकदाच फिरतो. वेग घटतो, जोर वाढतो. उजनीचं पाणी ओसरल्यावर आपल्या पळसदेवच्या मऊ मातीत जोरच कामाला येतो.

शिक्षक मित्रांनो, एका वेळी एकच बदल करू द्या. मुलं तेवढंच अंतर पळवून वेळ वहीत लिहितील. प्रयोग म्हणजे तरी दुसरं काय?

पुढच्या वेळी ओरडू नका. स्क्रू ठेवायला वाटी द्या.